चौकातलं विमान, कॉलेजातलं विमान आणि पुन्हा उडालेलं विमान

चिकलठाणकर (धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी,

जुन्या लढाऊ विमानांवर इथं तुकड्यातुकड्यानं बरंच बोलणं झालंय. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. निमित्त मिग-२१ चं. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. आपल्या शेजारीच, नाशिकजवळ ओझरला, ही विमानं तयार व्हायची. तिथं नोकरी केलेली माणसं मराठवाड्यात गावोगावी भेटतात. आता यातली काही विमानं संग्रहालयात जातील, काही कॉलेजांच्या आवारात, काही चौकात चौथऱ्यावर. फीत कापली जाईल, फोटो निघतील. त्यानंतर त्या विमानाकडं कोण बघणार, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न डोक्यात बसला तो एका हरिकेनमुळं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानामुळं. आर४११८ हा तिचा क्रमांक. १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये, म्हणजे ब्रिटनवर चालून आलेल्या जर्मन विमानांविरुद्धच्या हवाई लढाईत, ६०५ स्क्वाड्रनकडून तिनं ४९ उड्डाणं केली आणि शत्रूची पाच विमानं पाडली. १९४३ च्या अखेरीस ती प्रशिक्षणासाठी भारतात आली, आणि १९४७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कॉलेजात पोरांना शिकायला म्हणून दिली गेली. पुढं अभ्यासक्रम बदलले, विमान मागच्या अंगणात उघड्यावर पडलं, भोवती झाडोरा वाढला. १९८२ मध्ये पीटर व्हेचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात भारतात फिरत असताना त्यांना ती दिसली. परवानग्या मिळवण्यात जवळपास वीस वर्षं गेली. मग ती जहाजानं इंग्लंडला गेली, तिथं पुन्हा बांधली गेली आणि २३ डिसेंबर २००४ ला आकाशात उडाली. युद्धात ती चालवलेले वैमानिक बॉब फॉस्टर यांना ती पुन्हा डोळ्यांनी बघायला मिळाली.

हे वाचल्यापासून मला कुठलंच पडीक विमान भंगार वाटत नाही. साठ वर्षांपूर्वी बनारसमध्ये कुणी किलोच्या भावानं ती विकली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. कॉलेजानं निगा राखली असं नाही म्हणता येणार, पण विकली नाही, आणि तिची ओळख सांगणारा क्रमांक शाबूत राहिला. तेवढ्यावर ती परत आली.

तुमच्या भागात कुठं जुनं विमान उभं असेल तर त्याची हालत इथं लिहा. आणि ज्यांना उडणारी जुनी विमानं बघायला मिळाली आहेत त्यांनी हात आखडता घेऊ नका, सविस्तर लिहा.

---

लातूरकर_परदेशी

चिकलठाणकर, मनातला विषय काढलात. मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या केंब्रिजजवळ राहतो. जुनी विमानं जिथं उडतात ते डक्सफर्डचं मैदान इथून जवळ आहे, त्यामुळं उन्हाळ्यात शनिवार-रविवार बहुतेक तिथंच जातात.

हरिकेनच का परत येऊ शकली, ते जरा खोलात सांगतो. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. पण त्या नळ्या जोडाला वेल्ड केलेल्या नाहीत. टोकं चौकोनी दाबून, पट्ट्या लावून, बोल्टनं आवळलेल्या आहेत. कॉकपिटच्या मागं त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापडाला डोप नावाचं द्रावण लावतात, ते वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. हे काम मी एका वर्कशॉपच्या खुल्या दिवशी अगदी जवळून पाहिलंय. एक बाई पंखाच्या फासळीवरून दोऱ्यानं टाका घेत होत्या, ठराविक अंतरावर गाठ, पुन्हा टाका. मधे कुणी काही विचारलं तर हात थांबवून उत्तर द्यायच्या, मग पहिल्यांदा शेवटची गाठ बोटानं चाचपून पुढं सरकायच्या.

सगळ्यात अवघड भाग पंखाच्या मुळाशी असलेल्या मुख्य तुळईचा. हरिकेनमध्ये ती पोलादी पत्र्याच्या, एकात एक बसवलेल्या बहुकोनी नळ्यांची असते. असं पोलाद वळवणारी यंत्रंच राहिली नव्हती. सफकमधल्या ज्या वर्कशॉपनं आर४११८ उभी केली त्यांना ती पद्धत नव्यानं बसवावी लागली. त्यामुळंच आज जगात उडणाऱ्या स्पिटफायर (त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान) साठीच्या घरात असल्या तरी हरिकेन फार तर दीड डझनाच्या आसपास आहेत. लढाईत मात्र हरिकेनची संख्या जास्त होती.

आवाजाबद्दल काय लिहू? मर्लिन इंजिन, बारा सिलिंडर, २७ लिटर. विमान डोक्यावरून जातं तेव्हा कानापेक्षा आधी छातीला कळतं.

---

उमरग्याची_लेक

धागा आवडला. मला विमानांतलं फारसं कळत नाही, पण आमच्या घरात एक विमान पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं म्हणून लिहिते.

माझी आजी पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईच्या वेळी आठ-नऊ वर्षांची होती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून लष्कर निघालं, नळदुर्ग घेतलं, मग फौजा उमरग्याकडं आल्या. रझाकारांच्या भीतीनं गावातल्या बायापोरं आधीच शिवारात जाऊन बसली होती. आजी सांगायची, बाजरीत लपून बसलो होतो आणि वरून घरघर आली. तिनं तोवर विमान पाहिलेलंच नव्हतं. तिच्या आईनं तिला खाली दाबून धरलं, पण हिनं मान वर काढून बघितलंच. "एवढं खाली होतं माय, की पोटाखालचा रंग दिसला," असं म्हणायची. रंग कुठला, ते मात्र दरवेळी वेगळं सांगायची.

आजी गेली. आता प्रश्न पडतो की ते विमान कुठलं असेल. कुणाला सांगता येईल का?

---

लातूरकर_परदेशी

ताई, तुमच्या आजींनी पाहिलेलं विमान हॉकर टेम्पेस्ट असण्याचीच शक्यता सगळ्यात जास्त. त्या कारवाईत हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं पुण्याहून येत होती. १४ तारखेला उमरग्याहून राजेश्वरकडं जाणाऱ्या वाटेवर दबा धरून बसलेल्या ठाण्यांवर त्यांनीच मारा केला आणि वाट मोकळी केली.

आणि आता तुम्हाला आवडेल अशी बातमी. टेम्पेस्ट कित्येक दशकं जगात कुठंच उडत नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सायवेलच्या धावपट्टीवरून एमडब्ल्यू७६३ हे टेम्पेस्ट पुन्हा उडालं. हे विमान भारतीय हवाई दलातलंच, आपल्याकडून नंतर इंग्लंडला परत गेलेलं. आजींनी पाहिलं तेच हे, असं मी म्हणणार नाही. पण जात तीच, इंजिन तेच आणि घरघरही तीच. सेंटॉरस इंजिन, अठरा सिलिंडर. त्यात नेहमीसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या आत एक नळकांडं सरकतं-फिरतं आणि त्याच्या खिडक्यांतून हवा आत-बाहेर होते. जोडायला अत्यंत किचकट, पण आवाज मर्लिनपेक्षा खालच्या पट्टीतला आणि भरदार. उड्डाणाचे व्हिडिओ सहज सापडतील. घरातल्या मोठ्या माणसांना ऐकवा.

---

उमरग्याची_लेक

दादा, आत्ताच आईला मोबाइलवर दाखवलं. आईनं तीनदा लावायला सांगितलं. मनापासून आभार.

---

परभणीकर_मास्तर

इतिहास शिकवण्यात हयात गेली म्हणून दोन गोष्टी भर घालतो. मराठवाड्याचा या विमानांशी संबंध १९४८ च्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो आपल्या कष्टाच्या पैशाचा आहे.

पहिल्या महायुद्धात निजामानं ब्रिटिशांना एका अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं दिली. तिचं नाव ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन, विमानं डीएच-९ए. प्रत्येक विमानावर निजामाची भेट असल्याचं लिहिलेलं असायचं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा दोन स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं: १५२ क्रमांकाची स्पिटफायरची आणि २५३ क्रमांकाची हरिकेनची. दोन्ही १९४० च्या लढाईत होत्या. १५२ च्या चिन्हावर तर निजामाची पगडीच आहे.

आता निजामाचा खजिना भरायचा कुठून? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच मराठी जिल्हेही त्याच राज्यात होते. आमच्या आजोबांच्या पिढीनं सारा भरला, त्यातला काही पैसा इंग्लंडच्या आकाशात गेला. ज्याच्या अंगणात साधी शाळा नव्हती त्यानं लंडनच्या रक्षणाला हातभार लावला. वर्गात हे सांगितलं की पोरं एकदम सरळ बसायची.

११० स्क्वाड्रनचं एक विमान आजही शिल्लक आहे. एफ१०१०. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते जर्मनीत उतरलं आणि शत्रूच्या हाती लागलं. पुढं बर्लिनच्या संग्रहालयात, दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत पोलंडला आणि १९७७ मध्ये ब्रिटनला परत. लंडनमध्ये हेंडनच्या संग्रहालयात आहे. त्यावर हैदराबादचं नाव अजून वाचता येतं. लातूरकर, जमेल तेव्हा जाऊन या, आणि आमच्या वतीनं हात लावता येत नसला तरी डोळे भरून बघून या.

---

अंबाजोगाईकर_फिटर

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. डकोटा या जुन्या मालवाहू विमानावर काम केलंय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती आपल्याकडं सेवेतून गेली, तेव्हा आम्हा फिटर लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

डकोटाचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प, चौदा सिलिंडर, गोल रचलेले, १२०० हॉर्सपॉवर, अशी दोन. गोल इंजिनाची एक खोड आहे. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून सगळ्यात खालच्या सिलिंडरांत साचतं. सकाळी तसंच इंजिन सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल दबत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून आधी मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज पुरवणारं यंत्र) बंद आहेत याची खात्री करायची आणि पंखा हातानं ओढून फिरवायचा. एकेक पातं मोजायचं, मोठ्यानं. हाताला कळतं. प्रत्येक सिलिंडर दाब देतो आणि सोडतो, त्याची एक लय असते. ती लय तुटून पातं एकदम कठीण लागलं की तिथंच थांबायचं. जोर लावायचा नाही, उलटं फिरवायचं तर मुळीच नाही, कारण उलटं फिरवलं की तेल वरच्या पाइपात जातं आणि सुरू केल्यावर परत खाली येऊन घात करतं. खालचे स्पार्क प्लग काढायचे, तेल वाहून जाऊ द्यायचं, प्लग पुसून परत बसवायचे. नवी पोरं घाई करायची. आमचे सार्जंट एक वाकलेला रॉड टेबलावरच ठेवायचे, काही बोलायचे नाहीत, नुसता हातात द्यायचे.

हे सांगायचं कारण, 'परशुराम' नावाची डकोटा. २०११ मध्ये आयर्लंडमध्ये भंगारात निघालेली डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतली. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे वैमानिक. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला ती दुरुस्त झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये टप्प्याटप्प्यानं उडत युरोप, अरबस्तान करत जामनगरला उतरली. ४ मे २०१८ ला दिल्लीजवळ हिंडनला हवाई दलात दाखल. शेपटीवर क्रमांक दिला व्हीपी९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला गेलेल्या डकोटाचा तो क्रमांक. तिच्यासोबत हवाई दलाच्या विंटेज फ्लाइटमध्ये, म्हणजे जुन्या विमानांच्या पथकात, टायगर मॉथ आणि हार्वर्डही आहेत.

चौऱ्याहत्तर वर्षांचं विमान चारचाकीनं नाही, बोटीनं नाही, स्वतःच्या पंखांवर घरी आलं. मी टीव्हीसमोर उभा राहूनच बघितलं.

---

गोदाकाठ_नांदेड

सगळ्यांच्या भावना पोचल्या. पण मला वेगळं मांडायचंय, राग मानू नका.

ही विमानं उडवायलाच हवीत का? २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत कनेटिकटमध्ये 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ बॉम्बर कोसळलं, सात जण गेले. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या प्रदर्शनात बी-१७ आणि पी-६३ हवेत धडकले, सहा जण गेले आणि दोन्ही विमानंही गेली. मे २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये हवाई दलाच्याच स्मृती-पथकाची स्पिटफायर पडली, वैमानिक गेला. माणूस तर परत येत नाहीच, विमानही येत नाही. हातावर मोजण्याइतकी शिल्लक आहेत. कोरड्या शेडमध्ये ठेवली तर आपल्या नातवंडांना बघायला मिळतील. उडवून काय सिद्ध होतं?

---

लातूरकर_परदेशी

गोदाकाठ, तुमचा मुद्दा हलका नाही. इथंही तो सारखा निघतो.

मला पटतं ते असं: सरसकट उडवा किंवा सरसकट थांबवा, हे दोन्ही चूक. व्हल्कन बॉम्बरचं उदाहरण बघा. एक्सएच५५८ हे शेवटचं उडणारं व्हल्कन, लोकांनी वर्गण्या काढून उडवलं. पण सुट्या भागांची आणि तांत्रिक सल्ल्याची जबाबदारी ज्या कंपन्यांवर होती त्यांच्याकडचे जाणकार निवृत्त होत गेले, त्यांनी हमी काढून घेतली. ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटचं उड्डाण करून विमान जमिनीवर ठेवलं. अपघात झाला नव्हता, इंजिन बिघडलं नव्हतं. लोक रडले, पण थांबले. जिथं ज्ञान शिल्लक आहे तिथं उडवा, ते संपलं की थांबा. ही शिस्त मला सगळ्यात मोलाची वाटते.

एखाद्या प्रकारातलं एकच विमान उरलं असेल तर ते उडवू नये, या मताचा मीही आहे. एफ१०१० कुणी उडवतो म्हणालं तर मी विरोधात उभा राहीन.

---

अंबाजोगाईकर_फिटर

गोदाकाठ, तुमची काळजी रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच. पंखा हातानं फिरवायचा कसा हे पुस्तकात आहे, पण हाताला लागणारा फरक पुस्तकात नाही. विमान उडत राहिलं तर नव्या पोराच्या हाताला तो लागतो. शेडमध्ये उभ्या विमानाचं इंजिन कुणी उघडत नाही. दहा-पंधरा वर्षांत ती सगळी माणसं जातात आणि मग ते विमान म्हणजे नुसता पत्रा उरतो.

आपल्याच माणसांनी हे करून दाखवलंय. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बर सोडले, आणि कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून सोडले. एचएएलच्या लोकांनी १९४८ च्या सुमाराला ती एकेक करून उडण्याजोगी केली, जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकांनी ती बंगळूरला उडवत नेली. पुरती दुरुस्ती पुढं बंगळूरलाच झाली. हवाई दलानं १९६८ च्या अखेरपर्यंत ती वापरली. आज लंडन, ओटावा, ॲरिझोनातल्या संग्रहालयांत जी लिबरेटर आहेत ती भारतातून गेलेली. अमेरिकेत वर्षानुवर्षं उडणाऱ्या मोजक्या लिबरेटरमधलं एक आपल्याच हवाई दलातलं होतं. आपल्या मेकॅनिकांनी ती वाचवली नसती तर जगाला दाखवायला फार थोडी उरली असती. हे आपल्या शाळेत का शिकवत नाहीत, कळत नाही.

---

गोदाकाठ_नांदेड

काका, लातूरकरांचं 'ज्ञान आहे तोवर उडवा' हे मला मान्य. लिबरेटरचं ठाऊक नव्हतं. गर्दीच्या डोक्यावरून कसरती करण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

---

निखिल_तिसरं_वर्ष

नमस्कार. मी इथं नुसता वाचायला येतो, पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या आवारात एक जुनं जेट विमान उभं आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. धागाकर्त्यांनी हालत विचारली म्हणून आज दुपारी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं.

कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) पांढुरकी झालीय, आतलं काही दिसत नाही. पुढच्या तोंडात साळुंक्यांनी घरटं केलंय. एका चाकाचा टायर बसलाय, त्यामुळं विमान एका अंगाला कललंय. पंखाच्या मुळाशी दोन ठिकाणी रंग फुगलाय, नखानं दाबला तर खाली पांढरी भुकटी निघते. महिन्याभरात आमचं गॅदरिंग आहे आणि सरांनी आम्हाला ऑइल पेंट मारून विमान चकाचक करायला सांगितलंय. डबे आलेत. धागा वाचून हात थांबला. काय करू?

---

अंबाजोगाईकर_फिटर

निखिल, बाळा, बरं झालं विचारलंस. डबे बाजूला ठेव. नीट वाच.

पहिलं काम फोटो. विमानाच्या अंगावर जिथं जिथं अक्षर किंवा आकडा आहे, झाकणांच्या कडेला, चाकांच्या खोबणीत, तिथला प्रत्येक फोटो काढा. छोट्या धातूच्या पाट्या असतील, त्यांचे तर दोनदोन. तुमचा रंग चढला की ही अक्षरं कायमची जातील. आर४११८ ओळखता आली ती क्रमांकामुळं, हे धागाकर्त्यांनी वर लिहिलंच आहे. सगळं एका वहीत उतरवा, वही ग्रंथालयात जमा करा.

ती पांढरी भुकटी म्हणजे गंज. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा गंज तांबडा नसतो, पांढरा असतो. फुगलेल्या रंगावर नवा रंग मारला तर आत पाणी कोंडतं आणि खालून खाणं चालूच राहतं. तिथं लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या अजिबात लावू नका, लोखंडाचे कण अडकले की गंज दुप्पट धरतो. नायलॉनचा ब्रश घ्या, सैल रंग उतरवा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग ॲल्युमिनियमवर चालणारा प्रायमर, मग रंग. पक्ष्यांची शीटही पत्रा खाते, ती आधी धुवा.

पोटाखाली आणि पंखाखाली बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती मातीनं बुजलेली असणार. लाकडी काडीनं मोकळी करा, खिळा घालू नका. पावसाळ्याआधी एवढं एकच काम केलं तरी विमान बरीच वर्षं जास्त टिकेल. पुढच्या तोंडाला जाळी लावा, प्लास्टिकनं बंद करू नका, आत वारा खेळला पाहिजे. साळुंकीची पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. कॅनॉपीला थिनर, पेट्रोल काही लावायचं नाही. साधं पाणी, मऊ सुती कापड, आणि उन्हाळ्यात वरून पांढरं सुती आच्छादन. वजन टायरवरून काढून पक्क्या स्टँडवर घ्या, पण ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. कॉकपिटमधली जुनी घड्याळं उघडायची नाहीत, काहींच्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो, तो श्वासातून आत जाता कामा नये. आणि सीट. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटमधली स्फोटक दारू विमान देताना काढलेली असते, तरी त्याचा कागद कॉलेजाकडं आहे का ते आधी सरांना विचार. कागद सापडेपर्यंत कुणी आत बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

---

चिकलठाणकर

काका, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवतोय. चौथऱ्यावर विमान उभं करणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेला पाठवण्यासारखा आहे.

निखिल, कॉलेज संभाजीनगरजवळ असेल तर मी शहरातच आहे. आमच्यापैकी तिघं-चौघं येऊ शकतो. प्रायमरचा खर्च आम्ही वाटून घेऊ.

---

निखिल_तिसरं_वर्ष

सरांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, रंग गॅदरिंगनंतर मारू, आधी हे करा. कागद ऑफिसात शोधायला सांगितलाय. वर्गातली नऊ जणं तयार झालीत. मेकॅनिकलची एक मैत्रीण क्रमांकांची वही करणार आहे, तिनं आज डाव्या बाजूचे फोटो काढलेसुद्धा. घरट्यात पिल्लं आहेत, त्यामुळं जाळी पंधरा दिवसांनी.

काका, एक शंका. पाणी जायची भोकं डाव्या पंखाखाली सापडली, उजव्या पंखाखाली त्याच जागी पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवलाय. नंतर कुणीतरी बसवलेला वाटतो. तो काढायचा का?

---

अंबाजोगाईकर_फिटर

आत्ता नको. आधी त्याचा जवळून फोटो टाक, शेजारी पट्टी ठेवून. रिव्हेटची डोकी गोल आहेत का सपाट, ते बघून सांगतो.